पूर्वी गांजा ओढला असेल तर सिक्युरिटी क्लिअरन्स मिळतो का? अमेरिकेत पहिल्यांदा फॉर्म भरणाऱ्यांसाठी

वॉशिंग्टन डीसीच्या आजूबाजूला, व्हर्जिनिया आणि मेरीलँडमध्ये राहणाऱ्या मराठी घरांत हा प्रश्न आता वारंवार निघतो. मुलगी कॉम्प्युटर सायन्स करून बाहेर पडते, संरक्षण खात्याचं काम करणाऱ्या कंपनीची ऑफर येते आणि ऑफरच्या पत्रात एक अट असते: नोकरी सिक्युरिटी क्लिअरन्स, म्हणजे सरकारची गुप्त माहिती हाताळायची परवानगी, मिळण्यावर अवलंबून राहील. घरात पेढे येतात, आजीला पुण्याला फोन जातो. रात्री ती मुलगी मात्र खोलीचं दार लावून शोधत बसते, की कॉलेजात दहा-बारा वेळा वीड ओढलं होतं, आता काय करायचं? एच-वन-बीवर आलेले, पुढे ग्रीन कार्ड आणि नागरिकत्व घेऊन चाळिशीत अशा नोकरीकडे वळणारे इंजिनिअरही हेच विचारतात, फक्त आवाज खाली घेऊन.

उत्तर आधी सांगून टाकते. कॉलेजातल्या थोड्याफार सेवनामुळे क्लिअरन्स आपोआप नाकारला जात नाही. ते लपवलं, किंवा फॉर्मवर सही केल्यानंतरही चालू ठेवलं, तर मात्र गोष्ट हाताबाहेर जाते. पुढे जे लिहिलं आहे ते ही प्रक्रिया पहिल्यांदाच पाहणाऱ्यांसाठी आहे. मी वकील नाही. कुठे वकिलाकडे जायलाच हवं, ते त्या त्या ठिकाणी सांगितलं आहे.

पहिली पायरी: मुळात आपण पात्र आहोत का?

क्लिअरन्ससाठी स्वतःहून अर्ज करता येत नाही. एखादी कंपनी किंवा सरकारी खातं तुम्हाला नोकरी देऊ करतं, तुमचं नाव पुढे पाठवतं आणि मग तुम्हाला ऑनलाइन फॉर्मची लिंक येते. कुणी पैसे घेऊन 'क्लिअरन्स काढून देतो' म्हणत असेल तर तो फसवतोय. अमेरिकेचं नागरिकत्व असावं लागतं. ते जन्माने मिळालं की नंतर घेतलं, याने फरक पडत नाही. ग्रीन कार्डवर क्लिअरन्स मिळत नाही. क्वचित कुणाला मर्यादित प्रवेश देतात, पण त्याच्या भरवशावर राहू नये.

नुकतंच नागरिकत्व घेतलेल्यांनी इथे थांबून विचार करावा. नागरिकत्वाच्या एन-४०० अर्जात, अटक झाली नसली तरी कधी गुन्हा केला आहे का, असा प्रश्न असतो. राज्यात गांजा कायदेशीर असला तरी त्याचं सेवन नागरिकत्वाच्या 'सच्चारित्र्या'च्या अटीआड येऊ शकतं, हे इमिग्रेशन खात्याने एप्रिल २०१९ मध्ये स्पष्ट केलेलं आहे. तिथे 'नाही' लिहिलं असेल आणि आता क्लिअरन्सच्या फॉर्मवर त्याच काळातलं सेवन 'होय' म्हणून येणार असेल, तर सही करण्याआधी इमिग्रेशनच्या वकिलाला भेटा. अजून ग्रीन कार्डवर असलेल्यांनी तर कुठल्याही सरकारी माणसासमोर सेवनाची कबुली देण्याआधी वकील गाठावा. नागरिकाला जो धोका नाही तो त्यांना आहे.

दुसरी पायरी: आजपासून पूर्ण बंद

व्हर्जिनियात १ जुलै २०२१ पासून प्रौढांना थोडा गांजा जवळ बाळगता येतो, मेरीलँडमध्ये १ जुलै २०२३ पासून, डीसीत त्याच्याही आधी, २०१५ पासून. रस्त्याच्या कोपऱ्यावर दुकान आहे, पाटी आहे, रांग आहे. म्हणून मुलांना वाटतं, यात बेकायदा काय? पण क्लिअरन्सचं सगळं काम फेडरल कायद्यावर चालतं आणि त्या कायद्यात गांजा १९७० पासून नियंत्रित पदार्थांच्या यादीत आहे. त्या यादीतला त्याचा वर्ग बदलण्याची चर्चा अधूनमधून होते; वर्ग बदलला म्हणून तो यादीतून बाहेर पडत नाही. राज्याचं मेडिकल मॅरिवाना कार्ड असलं तरी इथे उपयोग नाही.

२००८ मध्ये झालेल्या कायद्यातल्या दुरुस्तीनुसार, जो माणूस सध्या बेकायदा ड्रग्ज घेतो किंवा व्यसनी आहे, त्याला क्लिअरन्स देताच येत नाही. यात 'सध्या' या शब्दावर सगळा भार आहे. पुढे २१ डिसेंबर २०२१ ला राष्ट्रीय गुप्तचर संचालक अ‍ॅव्हरिल हेन्स यांच्या कार्यालयाने सगळ्या खात्यांना मार्गदर्शन पाठवलं. त्याचा गाभा असा: पूर्वी मौजेखातर केलेलं गांजाचं सेवन विचारात घ्यावं, पण केवळ तेवढ्यावर निर्णय ठरवू नये, आणि तपासाची प्रक्रिया सुरू झाली, म्हणजे फॉर्मवर सही झाली, की उमेदवाराला यापुढे सेवन बंद ठेवायला सांगावं.

म्हणून ऑफर हातात आली त्या दिवसापासून बंद. ऑफर येईल असं वाटत असेल तर त्याच्याही आधीपासून. ग्रॅज्युएशनच्या पार्टीत 'शेवटचं एकदा' म्हणून खाल्लेली गांजाची गमी (चघळायची गोड गोळी) पुढचं वर्षभर डोक्याला ताप देते, कारण फॉर्मवर शेवटच्या सेवनाचा महिना तोच लिहावा लागतो.

तिसरी पायरी: नियम एकदा नीट वाचा

निर्णय ज्या दस्तऐवजावर होतो त्याला सीड ४ (SEAD 4) म्हणतात. तो ८ जून २०१७ पासून लागू आहे आणि इंटरनेटवर फुकट मिळतो. त्यात ए ते एम अशा तेरा गाइडलाइन आहेत: पैसा, परदेशी संबंध, दारू, गुन्हे वगैरे. ड्रग्जची गाइडलाइन एच. तिची दोन-तीन पानं सगळ्यांनी मुळातून वाचावीत, कारण इंटरनेटवरच्या ऐकीव सल्ल्यांपेक्षा ती कितीतरी स्पष्ट आहेत.

आधी त्यात काळजीच्या गोष्टी दिल्या आहेत. कुठलंही सेवन, ड्रग टेस्टमध्ये पॉझिटिव्ह येणं, विकणं किंवा पिकवणं, व्यसनाचं निदान, अर्धवट सोडलेले उपचार, क्लिअरन्स हातात असताना केलेलं सेवन, आणि 'पुढे घेणार नाही' असं स्पष्ट न सांगणं. त्यानंतर बाजू हलकी करणाऱ्या गोष्टी येतात. सेवन खूप पूर्वीचं किंवा क्वचित होतं, किंवा अशा परिस्थितीत झालं की पुन्हा होण्याची शक्यता नाही. माणसाने ते मान्य केलं आणि बदल करून दाखवला: घेणाऱ्यांची संगत सोडली, ते वातावरण टाळलं, किंवा 'यापुढे कधी घेतलं तर क्लिअरन्स काढून घ्यावा' असं लिहून सही केली. गंभीर आजारपणात डॉक्टरांनी दिलेल्या औषधाचा गैरवापर झाला आणि तो आता थांबला आहे. उपचार पूर्ण झाले आणि डॉक्टरांचा अभिप्राय चांगला आहे.

किती महिने झाले की 'खूप पूर्वी' म्हणायचं? नियमात आकडा नाही, मुद्दामच नाही. माझ्या समजुतीप्रमाणे गांजाच्या बाबतीत वर्ष उलटलेलं असलं की बोलायला बळ येतं. कोकेन, एमडीएमए, एलएसडी यांना जास्त काळ लागतो. आणि रोज ओढणाऱ्याला वर्षातून दोनदा ओढणाऱ्यापेक्षा जास्त. काही खाती स्वतःची कडक अट लावतात. एफबीआयने २०२१ मध्ये गांजाची अट तीन वर्षांवरून एक वर्षावर आणली, इतर ड्रग्जसाठी मात्र दहा वर्षं ठेवली. ती त्यांची नोकरीची अट आहे, क्लिअरन्सची नव्हे. लोक या दोन्हींत नेहमी गल्लत करतात.

शेवटी निर्णय देणारा अधिकारी 'संपूर्ण माणूस' पाहतो: तेव्हाचं वय, परिस्थिती, किती वेळा, कशासाठी, पुन्हा होईल का, आणि या गोष्टीवरून कुणी दबाव आणू शकेल का. या शेवटच्या मुद्द्यावर पुढे पुन्हा येते, तो आपल्या घरांना फार लागू पडतो.

चौथी पायरी: फॉर्म उघडण्याआधी कागदावर मांडणी

फॉर्मचं नाव एसएफ-८६. हा फॉर्म बदलून त्याच्या जागी नवी प्रश्नावली आणायचं काम चालू आहे, म्हणून तुमच्या स्क्रीनवर जो प्रश्न दिसतो त्याचंच उत्तर द्या, मित्राच्या दोन वर्षांपूर्वीच्या फॉर्मवरून नक्कल करू नका. एसएफ-८६ मध्ये ड्रग्जचा भाग सेक्शन २३. मुख्य प्रश्न गेल्या सात वर्षांचा आहे आणि ही सात वर्षं सहीच्या दिवसापासून मागे मोजायची.

काही प्रश्नांना मात्र सात वर्षांची मर्यादा नाही, ते 'कधीही' असे आहेत. क्लिअरन्स असताना कधी घेतलं का, पोलीस, सरकारी वकील किंवा लोकांच्या सुरक्षिततेशी थेट संबंध असलेल्या नोकरीत असताना घेतलं का, आणि ड्रग्जमुळे कधी उपचार किंवा समुपदेशन घ्यायला सांगितलं गेलं का किंवा स्वतःहून घेतलं का. शिवाय सेक्शन २२ मध्ये पोलीस प्रकरणं आहेत आणि ड्रग्ज किंवा दारूशी संबंधित आरोप तिथे कितीही जुना असला तरी विचारला जातो. कोर्टाने रेकॉर्ड बंद केलं, 'एक्सपंज' केलं, तरी अगदी ठरावीक फेडरल अपवाद सोडले तर लिहावंच लागतं. वकिलाने तेव्हा 'हे आता कुणाला सांगायची गरज नाही' म्हटलेलं असतं, ते खासगी नोकरीसाठी खरं असतं, या फॉर्मसाठी नाही.

तर एक कोरा कागद घ्या आणि पदार्थागणिक लिहा: पहिल्यांदा कधी, शेवटचं कधी, साधारण किती वेळा, कुठल्या प्रसंगी, पैसे कुणी दिले. तारीख आठवत नसेल तर सेमिस्टर आठवा, फोनमधले फोटो बघा, कुठल्या अपार्टमेंटमध्ये राहत होतो ते आठवा. फॉर्ममध्ये महिना-वर्षापुढे 'अंदाजे' अशी खूण करायची सोय आहे, तिचा मोकळेपणाने वापर करा. आकड्याची खात्री नसेल तर कमीत कमी आणि जास्तीत जास्त अशी मर्यादा द्या, पण जास्तीची मर्यादा खरी हवी. 'दोनतीनदा' लिहिलं आणि मुलाखतीत 'पंधरा असेल' निघालं, तर त्या पंधरा वेळांपेक्षा तो फरक महाग पडतो.

हा कागद, आणि पुढे फॉर्मची प्रत, जपून ठेवा. पुढे पुन्हा फॉर्म भरावा लागेल, खातं बदलेल, पॉलिग्राफ (खोटं पकडण्याची चाचणी) होईल; दर वेळी तुमचं उत्तर आधीच्या उत्तराशी ताडून पाहिलं जातं.

पाचवी पायरी: काय काय मोजायचं

इथे आपली मंडळी सर्वांत जास्त गोंधळतात, म्हणून जरा थांबून सांगते.

भांग. महाशिवरात्रीला किंवा होळीला नाशिकला, काशीला, इंदूरला मामाकडे थंडाईतून घेतलेली भांग. भारतात १९८५ च्या एनडीपीएस कायद्यात चरस आणि गांजा येतात. नुसती पानं त्या व्याख्येबाहेर आहेत, म्हणून भांगेची सरकारमान्य दुकानं चालतात. अमेरिकेच्या फेडरल व्याख्येत मात्र झाडाचा जवळजवळ प्रत्येक भाग येतो, पानंसुद्धा, आणि फॉर्मचा प्रश्न अमेरिकेच्या फेडरल कायद्याप्रमाणे विचारलेला आहे. माझं स्पष्ट मत आहे की सात वर्षांतली असेल तर लिहावी. 'भारतात कौटुंबिक सणात, जिथे ती चालते अशा ठिकाणी, एकदा पेयातून घेतली, पुन्हा घेणार नाही' एवढं वाक्य पुरतं. तपास अधिकाऱ्याने भांग हा शब्द कदाचित ऐकलेलाही नसेल. त्याला ती नंतर दुसऱ्या कुणाकडून कळण्यापेक्षा तुमच्याकडून कळलेली बरी.

दुसऱ्याची गोळी. फायनल परीक्षेच्या आदल्या रात्री रूममेटने दिलेली अ‍ॅडरॉल (एकाग्रतेसाठी डॉक्टर लिहून देतात ती गोळी) हे दुसऱ्या पिढीतल्या मुलांच्या बाबतीत गांजाइतकंच नेहमीचं आहे, आणि ती 'ड्रग' आहे हे कित्येकांच्या डोक्यातच येत नाही. प्रिस्क्रिप्शनच्या औषधाचा जाणूनबुजून केलेला गैरवापर, औषध कुणाच्याही नावावर असो, हा सेक्शन २३ मधला स्वतंत्र प्रश्न आहे.

भारतातून आणलेली औषधं. आई येते तेव्हा बॅगेत डोलो, क्रोसिन असतं, त्याची काही चिंता नाही. पण झोपेसाठी अल्प्राझोलाम, पाठदुखीसाठी ट्रॅमाडॉल, खोकल्यासाठी कोडीनचं सिरप अमेरिकेत नियंत्रित औषधांत मोडतं. तिच्या नावावरचं असेल तर ते तिनेच घ्यावं. तुमच्या स्वतःच्या नावावर भारतातल्या डॉक्टरांनी लिहून दिलं आणि सांगितल्याप्रमाणे घेतलं, तर तो गैरवापर नाही. ते प्रिस्क्रिप्शन फेकू नका, फोटो काढून ठेवा.

सीबीडी आणि डेल्टा-८ या गांजाच्या झाडाशी संबंधित घटकांच्या गमी. २०१८ च्या शेती कायद्याने ०.३ टक्क्यांपर्यंत टीएचसी (नशा आणणारा घटक) असलेलं हेम्प, म्हणजे त्याच झाडाचा कमी नशेचा प्रकार, गांजाच्या व्याख्येबाहेर काढलं आणि पेट्रोल पंपावर बरण्या दिसायला लागल्या. बरणीवर लिहिलंय तेवढंच आत असतं, याची कुणी हमी देत नाही. पॉझिटिव्ह आलेली टेस्ट गाइडलाइन एचखाली मोजली जाते, मग ती कशामुळे आली हे सिद्ध करत बसायची वेळ तुमच्यावर येते. सांधेदुखीसाठी लावायचं तेल असो की झोपेची गमी, ठेवूच नका.

खरेदी. सेवनापाठोपाठ फॉर्म विचारतो, कधी विकत घेतलं, पिकवलं, दिलं, हाताळलं का? पाच जणांनी दहा-दहा डॉलर काढले आणि एकाने आणलं, तर तुमचे दहा डॉलर हीसुद्धा खरेदीच. बहुतेक जण इथे बेफिकीरपणे 'नाही' टिकमार्क करून मोकळे होतात आणि मुलाखतीत अडकतात.

शेअर्स. गांजाच्या कंपनीचे शेअर्स जाणूनबुजून थेट घेणं हाही मुद्दा होऊ शकतो, हे २०२१ च्या त्याच मार्गदर्शनात आहे. म्युच्युअल फंडात नकळत आलेल्या हिश्शाची काळजी नाही.

सहावी पायरी: फॉर्म भरणं

समजा, आपली ती मुलगी मेरीलँडमधल्या कॉलेजात होती. पदार्थाच्या यादीत ती टीएचसी निवडेल. पहिलं सेवन ऑक्टोबर २०२२, अंदाजे. शेवटचं एप्रिल २०२४, अंदाजे. मग स्वरूप आणि संख्येची चौकट येते. तिथे पुष्कळ जण 'मित्रांच्या आग्रहामुळे एकदोनदा ट्राय केलं' असं लिहून पळ काढतात. त्यात संख्या खोटी, दोष दुसऱ्यांवर, आणि पुढचं काहीच नाही. त्यापेक्षा हे पाहा. फॉर्मवर अर्थात इंग्रजीत लिहायचं:

'कॉलेजात दुसऱ्या आणि तिसऱ्या वर्षी शनिवार-रविवारच्या पार्ट्यांमध्ये १० ते १२ वेळा ओढलं, दोनदा गमी खाल्ली. बहुतेक वेळा मित्रांकडचं होतं. तीनदा मी पैसे दिले, ते खरेदीच्या प्रश्नाखाली लिहिलं आहे. एप्रिल २०२४ नंतर घेतलेलं नाही. त्या मित्रांना आता भेटत नाही. फेडरल कायद्याने हे बेकायदा आहे हे मला माहीत आहे आणि यापुढे मी घेणार नाही.'

एवढंच. माफीनामा नको, तत्त्वज्ञान नको, 'व्हर्जिनियात तर कायदेशीर आहे' हा वाद नको. 'पुढे घेणार का?' या प्रश्नाला 'नाही' शिवाय दुसरं उत्तर नाही, आणि ते खरं असलं पाहिजे. 'कायदा बदलला तर बघू' असं प्रामाणिकपणे लिहिणारी हुशार मुलं असतात. त्यांच्या मनात काही वाईट नसतं, पण नियमाच्या भाषेत ती 'स्पष्ट निर्धाराचा अभाव' होते.

मुलांची सगळ्यात मोठी भीती असते, की हे लिहिलं तर पोलीस येतील. सेक्शन २३ च्या सुरुवातीलाच लिहिलेलं आहे की तुमचं खरं उत्तर, किंवा त्यातून निघालेली माहिती, तुमच्याविरुद्ध पुढच्या फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून वापरली जाणार नाही. खोट्या उत्तराला हे संरक्षण नाही. उलट फॉर्मवर जाणूनबुजून खोटं लिहिणं हा फेडरल गुन्हा आहे आणि त्याला पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. गाइडलाइन ई ही वागणुकीतल्या सचोटीची गाइडलाइन आहे. लपवाछपवी तिथे मोजतात, आणि तिथला डाग काळ लोटला म्हणून सहजी पुसट होत नाही.

आधीच चुकीचं भरलं गेलं असेल तर? कुणी विचारायच्या आधी, तपास अधिकाऱ्याला किंवा कंपनीच्या सिक्युरिटी ऑफिसरला स्वतःहून लेखी कळवा. नियमात याला स्पष्ट किंमत आहे: समोरून पुरावा ठेवला जाण्याआधी, तातडीने, चांगल्या हेतूने केलेली दुरुस्ती. पुरावा समोर आल्यावर केलेल्या कबुलीला ती किंमत नाही.

सातवी पायरी: घरी सांगा

ही पायरी सरकारी माहितीपत्रकात सापडणार नाही, पण मला ती टाळता येत नाही. आपल्या घरांत फॉर्म जेवणाच्या टेबलावर भरला जातो, बाबा शेजारी बसलेले असतात. कारण एकशे तीसहून जास्त पानांचा फॉर्म, आजोबांचे जन्मदिनांक, भारतातल्या काकांचे पत्ते, हे सगळं त्यांनाच माहीत. आणि सेक्शन २३ आला की मूल बाबांकडे न बघता 'नाही' दाबतं. माझ्या मते आपल्याकडची बरीचशी खोटी उत्तरं सरकारला घाबरून दिलेली नसतात, बाबांना घाबरून दिलेली असतात.

आई-वडिलांनी हा भाग आला की उठून दुसऱ्या खोलीत जावं, आणि जाताना सांगावं की जे खरं ते लिही, आम्ही विचारणार नाही. मुलांनी, जमेल तेव्हा, स्वतःहून सांगावं. कारण हा प्रश्न सुरक्षेचाही आहे. तपास करणारे शोधतात की या माणसाला कुणी कशावरून धमकावू शकेल का. 'तुझ्या घरच्यांना सांगतो' ही धमकी ज्याच्यावर चालते तो त्यांच्या दृष्टीने कच्चा दुवा. बायकोला, नवऱ्याला, आईला माहीत असलेल्या गोष्टीवरून कुणाला धमकावता येत नाही. मुलाखतीत 'हे आणखी कुणाला माहीत आहे?' असा प्रश्न येतो तेव्हा 'घरी सगळ्यांना' हे उत्तर फार कामाला येतं.

फॉर्मवर ज्यांची नावं ओळखीचे म्हणून द्याल त्यांनाही कल्पना द्या. अधिकारी त्यांना ड्रग्जबद्दल विचारतात. 'सांभाळून घे' असं चुकूनही म्हणू नका. 'जे माहीत आहे ते सांग' एवढंच म्हणा.

आठवी पायरी: मुलाखत आणि वाट पाहणं

बहुतेक तपास संरक्षण खात्याची डीसीएसए ही संस्था करते. ऑक्टोबर २०१९ पासून हे काम तिच्याकडे आलं. अधिकारी फॉर्ममधली उत्तरं एकेक करून पुन्हा विचारतो: कुणाबरोबर, कुठे, कसं वाटलं, का थांबवलं. चौथ्या पायरीतला कागद आदल्या दिवशी वाचून जा. विचारलं तेवढं सांगा, पूर्ण सांगा. आठवत नसेल तर 'आठवत नाही' म्हणा. आठवत असताना तसं म्हणू नका. मुलाखतीत काही नवीन आठवलं तर तिथल्या तिथे बोलून टाका. सात वर्षांपूर्वीचं फॉर्मवर नको असलं तरी अधिकाऱ्याने किंवा पॉलिग्राफवाल्याने थेट विचारलं तर उत्तर खरंच द्यायचं.

अलीकडचं सेवन असेल तर तात्पुरता, 'इंटरिम' क्लिअरन्स मिळत नाही असं पुष्कळदा होतं. त्याने खचू नका, तो अंतिम नकार नव्हे. फक्त कंपनी तोवर थांबायला तयार आहे का, हे एचआरला आधीच विचारा.

मिळाल्यावर

क्लिअरन्स मिळाल्यावरचं सेवन आधीच्या सेवनापेक्षा कितीतरी गंभीर धरतात. सुट्टीत अ‍ॅमस्टरडॅमला जाऊनसुद्धा नाही. आता सतत तपासणीची पद्धत आहे, त्यामुळे अटक वगैरे झाली तर पूर्वीसारखी काही वर्षांनी येणाऱ्या फेरतपासाची वाट न पाहता लगेच कळतं. व्यसनावर उपचार घ्यायची वेळ आली तर घ्या आणि सिक्युरिटी ऑफिसरला कळवा. पूर्ण केलेले उपचार तुमच्या बाजूने मोजले जातात.

नकाराची चिन्हं दिसली तर

कधी आधी लेखी प्रश्न येतात, त्यांना वेळेत आणि पूर्वीच्या उत्तरांशी जुळणारी उत्तरं द्या. त्यानंतर 'स्टेटमेंट ऑफ रीझन्स' आलं, तर त्यात क्रमांक टाकून आक्षेप लिहिलेले असतात. कंपनी-कंत्राटदारांच्या कर्मचाऱ्यांची प्रकरणं संरक्षण खात्याच्या डोहा (DOHA) या कार्यालयात चालतात. उत्तराला २० दिवस असतात आणि प्रत्येक आक्षेपापुढे 'मान्य' किंवा 'अमान्य' लिहून स्पष्टीकरण द्यायचं असतं. न्यायाधीशासमोर सुनावणी मागता येते, किंवा फक्त कागदांवर निर्णय घ्या असं सांगता येतं. माझा सल्ला सुनावणीचा, कारण समोर बसलेला माणूस खरा वाटतो की नाही हे कागदावर कळत नाही. इथे या विषयातला वकील कराच.

सोबत काय जोडायचं: सही केलेलं निर्धारपत्र, स्वखर्चाने केलेल्या ड्रग टेस्टचे निकाल, तज्ज्ञाचं मूल्यांकन, साहेबांची आणि सहकाऱ्यांची पत्रं. पत्र लिहिणाऱ्याला आक्षेप काय आहे ते ठाऊक असलं पाहिजे. 'मुलगा फार गुणी आहे' एवढ्याच मजकुराच्या पत्राचा उपयोग नाही. उत्तर लिहायच्या आधी डोहाचे जुने निकाल वाचा. नावं काढून ते वेबसाइटवर ठेवलेले असतात, गाइडलाइन एच शोधलं की ढीगभर मिळतात. पाच-सहा वाचले की न्यायाधीश कशाला महत्त्व देतात ते कळायला लागतं. आणि मनाची तयारी ठेवा: क्लिअरन्स हा कुणाचा हक्क नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८८ च्या एगन प्रकरणात म्हटलेलं आहे, आणि शंका उरली तर ती देशाच्या सुरक्षेच्या बाजूने सोडवली जाते.

निकाल विरुद्ध गेला तर अपिलाची नोटीस १५ दिवसांत द्यावी लागते. तेही फेटाळलं गेलं तर एक वर्षानंतर, पुन्हा कुणी प्रायोजक मिळाला की, नव्याने अर्ज करता येतो. त्या वर्षात टेस्टचे निकाल साठवत राहा आणि तारखांची वही चालू ठेवा. नव्या फॉर्मच्या सेक्शन २५ मध्ये पूर्वी कधी क्लिअरन्स नाकारला गेला का, असा प्रश्न असतो. तिथे 'होय' लिहून तारीख आणि खात्याचं नाव द्यायचं.